दुसरा मजला, पाटी नसलेलं दार

पाटीलकाकूंचा फोन आला तेव्हा मी नालासोपाऱ्यात रिक्षास्टँडपाशी पत्रकं वाटत होते. काकू आमच्या समोरच्या दारात राहतात, माझ्या आत्याला त्या सिस्टर म्हणतात. "मुक्ता, सिस्टर दार उघडत नाहीयेत गं. दुधाची पिशवी सकाळपासून कडीलाच आहे. तू ये बाई लवकर..." विरारला, फुलपाड्यातल्या आमच्या घरी पोचून मी माझ्या चावीनं दार उघडलं. आत्या खुर्चीत होती. चष्मा डोळ्यांवर, मान जराशी कलती, जणू कुणाचं तरी बोलणं ऐकतेय. चहावर ताटली झाकलेली होती. संध्याकाळी स्मशानभूमीत नोंदवहीपाशी बसलेल्या माणसानं विचारलं, "पूर्ण नाव?" मी म्हटलं, "सुलोचना." "पुढे?" "पुढे काही नाही. आम्ही आडनाव लावत नाही." त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही लावत नसाल. इथं लावावं लागतं." अशा वेळी काय बोलायचं ते मला लहानपणापासून पाठ आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आत्याची मैत्रीण फिलूमावशी म्हणाली, "कांबळे. सुलोचना रामचंद्र कांबळे. लिहा तुम्ही." आत्याचं पूर्ण नाव इतक्या मोठ्यानं उच्चारलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. खरं सांगते, त्या क्षणी मला फिलूमावशीचा राग आला.

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. बाबा दिवसा छापखान्यात काम करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. मला आई आठवत नाही, पण पत्रकांच्या शाईचा वास आठवतो. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला जोडशब्द. बाबांनी तरुणपणीच आडनाव टाकलं होतं. ते म्हणायचे, माणूस कोण आहे हे विचारायच्या आधी लोक त्याचं आडनाव विचारतात, म्हणून ते सांगायचंच नाही. पत्रकांच्या घड्या घालायचं काम आत्याचं. दवाखान्यातली ड्यूटी संपवून ती यायची, जमिनीवर फतकल मारून बसायची, कागदाच्या बरोबर तीन घड्या पाडायची आणि स्टीलच्या वाटीच्या बुडानं त्या दाबायची. बँडेजच्या पट्ट्या गुंडाळाव्यात तसे तिचे हात चालायचे. तिनं गठ्ठा बांधला की धावत्या लोकलमधून फेकला तरी सुटणार नाही, असं बाबा म्हणत. मी नऊ वर्षांची असताना बाबा गेले आणि आम्ही दोघीच उरलो. आत्यानं लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे मोठमोठ्या प्रश्नांवर चर्चा व्हायच्या, असले प्रश्न राहूनच जायचे.

मग सुरू झाली भाड्याची घरं. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की पुन्हा शोधाशोध. विरार, नालासोपारा, परत विरार. एजंट जिन्यात विचारायचा, "नाव काय?" आत्या म्हणायची, "सिस्टर सुलोचना." "ते ठीक आहे हो सिस्टर, पूर्ण नाव?" मग ती पूर्ण नाव सांगायची, अगदी हळू, जणू शेजारच्या खाटेवरचा पेशंट झोपलाय. आणि चार-दोन दिवसांत कळायचं, की ती खोली 'आधीच' कुणालातरी दिली होती. कधी घरमालकीण भली निघायची आणि घर मिळायचं. तिथंही आमच्या दारावर पाटी लागली नाही. मला वाटायचं, आत्या बाबांचंच व्रत चालवतेय. मला तिचा कोण अभिमान! शाळेत मी निबंध लिहिला होता, 'आमच्या दारावर आडनाव नाही'. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. घरी आल्यावर मी आत्यालाही वाचून दाखवला. तिनं ऐकला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पोळ्या लाटायला गेली.

निवृत्त झाल्यावर तिनं फुलपाड्यात हे घर घेतलं. दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, बाकी काही नाही. पण घर तिचं होतं. राहायला आलो त्याच आठवड्यात ती म्हणाली, "मुक्ते, दाराला पाटी करून घेऊ. पितळी. अक्षरं काळी."

"सुलोचना, मुक्ता. बास ना?"

"सुलोचना रामचंद्र कांबळे."

मी हातातला डबा खाली ठेवला आणि भाषण सुरू केलं. बाबांनी कशासाठी आयुष्य घातलं, आडनाव म्हणजे दाराबाहेर टांगलेली जात कशी, आपण टांगलं तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगणार... आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुझा बाप मोठा माणूस होता," ती म्हणाली. "घरं मात्र मी शोधली." एवढंच बोलली आणि डबे पुसायला लागली. तिला मुद्दा पटला, असं मी धरून चालले. समोरचा गप्प झाला म्हणजे त्याला पटलं, ही आमच्यासारख्यांची जुनी खोड आहे.

मी तिथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण मी त्यावर पत्रक काढलं. 'दारावर माणूस हवा, जात नको.' आमच्या इमारतीत आणि मागच्या गल्लीत घरोघरी द्यायचं ठरवलं. छापून आलेला गठ्ठा मी घरी आणला, आणि सवयीनं आत्यापुढे ठेवला. तीही सवयीनं खाली बसली. वाटी घेतली. चष्मा लावून तिनं एक पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं.

"छान लिहिलंयस. बापासारखं. हे पाटीलबाईंनाही देणार?"

"सगळ्यांनाच देणार."

"मग त्या पाटी काढतील?"

मी हसले. "पाटीलकाकू? त्या कसल्या काढतायत!"

"म्हणजे लागायची राहील ती माझीच," आत्या म्हणाली.

"सुरुवात आपल्यापासूनच करायची असते, आत्या."

तिनं मान हलवली आणि हातातल्या पत्रकाच्या तीन घड्या घातल्या. मग पुढचं घेतलं. सगळ्या पत्रकांच्या घड्या तिनंच घातल्या, एकाचाही कोपरा वाकडा नाही. मी ती वाटली. पाटीलकाकूंनी वाचून म्हटलं, "अगं, आमची पाटी सासऱ्यांच्या हातची, ती कशी काढू?" आणि पत्रक डब्याखाली अंथरलं. एकाही दारावरची पाटी उतरली नाही. आमच्या मजल्यावर चार दारं. तीन नावांची, एक कोरं.

फिलूमावशी, म्हणजे फिलोमिना डिमेलो, ही आत्याची दवाखान्यातली मैत्रीण. वसईत तिची वाडी आहे. नाताळला आम्ही दोघी तिच्याकडे जायचो. तिच्या घराच्या कपाळावर सिमेंटच्या ठसठशीत अक्षरांत 'डिमेलो' लिहिलेलं आहे. दर वर्षी आत्या फाटकात थांबून ते नाव पाहायची. फिलूमावशी ओरडायची, "काय बघतेस सुलू? रंग उडालाय, माहितीये मला! आत ये, केक सुकला तुझी वाट बघून." मी पुढे निघून गेलेली असायचे. ती काय पाहते हे मी कधी वळून पाहिलं नाही.

आत्या गेल्यानंतर पंधरा दिवसांनी फिलूमावशी घरी आली. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तरी आली. धापा टाकत दारातच थबकली आणि म्हणाली, "पहिल्यांदा आले होते ना, तेव्हा सुलूनं फोनवर पत्ता सांगितला. म्हणाली, दुसरा मजला, ज्या दारावर काही नाही ते आमचं." मी नोंदवहीच्या वेळचा राग बोलून दाखवला. म्हटलं, मावशी, तू नाव सांगायला नको होतंस. ती आत येऊन बसली आणि गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, "सुलू मला काय म्हणाली होती सांगू? म्हणाली, फिलू, भाड्याच्या घरांत मी नाव लपवून राहिले. आता घर माझं आहे, तरी नाव लपवूनच राहते. आधी घरमालक होता, आता भाची आहे. असं म्हणाली आणि हसली. तुझ्यावर चिडली नव्हती गं. नुसती हसली."

त्या संध्याकाळी मी घरात एकटी बसून होते. पत्रकांचा नवा गठ्ठा आला होता. त्याच्या घड्या घालायला कुणी नव्हतं. मी घालायला घेतल्या, तिसरी घडी दर वेळी तिरकी जात होती... आजही मी आडनाव लावत नाही. या लेखाखालीही लावणार नाही. बाबा म्हणायचे ते मला आजही खरं वाटतं. पण बाबांनी जे टाकलं, ते आत्याला कधी उघडपणे धरताच आलं नव्हतं. एकजण ताठ मानेनं नाव सोडतो, दुसरी भीतीनं ते गिळते, आणि जिन्यात उभं राहून पाहिलं तर दोघांची दारं सारखीच कोरी दिसतात. हा फरक मला कुठल्या पत्रकानं सांगितला नव्हता. तो सांगणारी बाई माझ्याच घरात, वाटीनं घड्या दाबत, रोज माझ्यासमोर बसत होती.

मागच्या आठवड्यात मी पाटी करून घेतली. पितळी, काळ्या अक्षरांची. दुकानदार म्हणाला, "बाई हयात नाहीत म्हणता, मग आधी 'कै.' घालू?" मी नको म्हटलं. "खाली तुमचं नाव?" तेही नको. पाटी बसवायला आलेल्या माणसानं ती बाकीच्या दारांसारखी माझ्या कपाळाच्या उंचीवर धरली. आत्या माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. चष्मा वर-खाली न करता तिला वाचता आली असती अशा जागी मी बोट ठेवलं. "एवढ्या खाली? ताई, कुणाला दिसणार नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, तिथंच ठोका.

दिसते. फक्त वाचायला वाकावं लागतं. पाटीलकाकू वाकल्या, कुरिअरवाला वाकला. आता घरात माझी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळे बाहेरून आले की मला घाई नसते. चावी हातात धरून मी दारासमोर उभी राहते, आणि आत जायच्या आधी वाकून वाचते.