स्वतःच्या हातची थंडाई

नववीतून शाळा सोडून मी किनवटहून लातूरला आलो, तेव्हा खानावळीच्या मावशींनी मला ठेवून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरत नाही. समोरच्या तालमीतला एक पैलवान रोज आमच्याकडं जेवायचा. मानाच्या गदा जिंकलेला माणूस, पण तपासणीत उत्तेजक सापडलं आणि त्याच्यावर बंदी आली. थंडाईत कुणीतरी ते मिसळलं, असं तो सांगायचा. तेव्हापासून तो थंडाईचे बदाम स्वतःच वाटायचा. आमच्या टोपल्यातली वरची भाकरी सोडून मधली ओढून काढायचा.

"पैलवान, सगळ्या एकाच तव्यावरच्या हायत," मावशी टोमणा मारायच्या.

मी वाढायला गेलो की त्याची नजर माझ्या बोटांवर खिळायची. उद्या काही झालं तर नाव माझंच येईल, अशी धास्ती वाटायची.

एकदा त्याच्यावर माहितीपट काढायला पुण्याहून माणसं आली. खानावळीतच कॅमेरा लावून त्यांनी विचारलं, "थंडाईत ते कुणी मिसळलं होतं?"

"तालमीत बदाम वाटायला एक जण होता. मी त्याचं नाव घेतलं. वस्तादांनी त्याला हाकलून लावलं."

"त्यानंच केलं होतं का?"

पैलवानानं ताट बाजूला सारलं. "ते मला आजवर ठाऊक न्हाई. कुणाचं तरी नाव घ्यायचं होतं, त्याचं घेतलं."

दुसऱ्या दिवसापासून त्याला वाढताना मी मावशींना साक्षीला शेजारी उभं करू लागलो. त्याच्या ते लगेच ध्यानात आलं.

"व्हय," तो खाली बघूनच म्हणाला, "असंच करत जा."