मयताच्या दगडाचा फोटो

एटापल्लीच्या पुढे, आत जंगलात, मी वनरक्षक होतो. माझ्या बीटमध्ये पाच झोपड्या होत्या. त्यातली माणसं नदीपलीकडून, छत्तीसगडातून पळून आलेली. तिकडे एक बंदूकवाले येऊन तांदूळ न्यायचे, दुसरे बंदूकवाले येऊन तांदूळ काऊन दिला म्हणून मारायचे. शेवटी गाव जळालं. कोणी जाळलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.

इथल्या गावात त्यांचे सोयरे होते, म्हणून गावानं राहू दिलं. कागदावर मात्र राखीव जंगलातलं नवं घर म्हणजे अतिक्रमण. मी दरवर्षी रिपोर्टात लिहायचो, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला आलेले हंगामी मजूर, तात्पुरता मुक्काम. तेवढ्यावर ती पाच घरं उभी होती.

गावपाटील मला डिवचायचा, "काऊन जी साहेब, तुमचे मजूर भर पावसातही घरी जाऊन नाई राह्यले?"

"यंदा पत्ता उशिरा फुटून राह्यला, पाटील."

तो पोट धरून हसायचा. मी हे दयेनं करतो, असं घरी बायकोला सांगत असे. दया होती थोडी. पण खरं म्हणजे, पाच घरं आपल्या पेनावर उभी आहेत याचं मला सुख होतं.

त्यातल्या एका घरचा म्हातारा वारला. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी उभा दगड लावतात. तो कुठेही लावत नाहीत. जिथे कुळ राहणार, तिथेच. चार वर्षांत त्यांची तीन माणसं इथल्या मातीत गेली होती, दगड एकालाही नव्हता. परत गेल्यावर आपल्या गावात लावू, असं म्हणत राहिले. म्हाताऱ्याची बायको मात्र एक दिवस माझ्या क्वार्टरसमोर येऊन बसली. आमची बोली ती एव्हाना शिकली होती.

"भाऊ, त्याले किती दिवस वाट पाहाले लावू? तिकडचं गाव आता नाई. इथी लावला त चालते का?"

मला तिथल्या तिथे कळलं होतं. दगड उभा राहिला की 'हंगामी' म्हणायची सोय राहणार नव्हती. नको बाई, एवढंच बोलायचं होतं. पण तिनं पाटलाला सोडून मला विचारलं होतं. मी म्हणालो, "लावा. मी आहो ना."

आठ जणांनी ओढून आणलेला पुरुषभर उंच दगड होता. ढोल वाजले, डुक्कर कापलं. पहिली पत्रावळ माझ्यापुढे ठेवली. जेवण झाल्यावर मी मोबाईलवर दगडाचा फोटो काढत होतो तर बाई म्हणाली, "माझा बी काढा ना." दगडावर हात ठेवून ती उभी राहिली. हसली नाही, पण पदर नीट केला.

दोनेक महिन्यांनी नवे रेंजर साहेब आले. त्यांनी जुने रिपोर्ट वाचले आणि मला बोलावलं.

"चार वर्षांचा हंगाम? कोणत्या झाडाचा पत्ता तोडतात हे लोक? खोटा रिपोर्ट म्हणजे सरळ निलंबन. कळते ना?"

बावीस वर्षं नोकरी झाली होती. मी खिशातून मोबाईल काढला. तो दाखवायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

"सर, आजपर्यंत तात्पुरतेच होते. आता कायम बसायचा इरादा दिसते. हे पाहा."

साहेबांनी फोटो बोटांनी मोठा केला. "ही कोण?"

"ज्याचा दगड आहे, त्याची बायको."

त्या फोटोची प्रत पंचनाम्याला जोडली गेली. माझे जुने रिपोर्ट खरे ठरले, मी सुटलो.

आम्ही सकाळी घरं हटवायला गेलो तेव्हा भांडण झालं नाही. छपराचं गवत त्यांनीच उतरवलं. घर सोडून जायचं कसं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. कोणी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. पाटील तेवढा लांब उभा होता, त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. नंतरही नाही. ती माणसं पुढे कुठे गेली, कोण म्हणतं सिरोंच्याकडे, कोण म्हणतं तेलंगणात शिरली आणि तिथूनही हाकलली. मी चौकशी केलेली नाही.

त्या सकाळी, जागा स्वखुशीनं सोडत आहोत, असा जबाब साहेबांना हवा होता. तो मी लिहिला. एकेकाचे अंगठे घेत बाईपाशी आलो.

"काय लिवलं, भाऊ?"

"तुमी जाऊन राह्यले, असं."

"त्याच्या दगडाचं लिवलं का?"

दगडाचं लिहिलं होतं. पंचनाम्यात, अतिक्रमणाचा पुरावा म्हणून.

"लिवलं," मी म्हणालो.

"मंग बरं झालं. सरकारच्या कागदात हाये त कोणी हात नाई लावणार."

मी तिला तसंच वाटू दिलं. तिला अंगठा नीट उमटवता येईना, म्हणून मीच तिचा हात धरला आणि कागदावर दाबला.