खोकणाऱ्या गाडीची निवड

जगात जेवढी काळजी आहे तिच्यातली निम्मी माझे भाऊजी एकटे करत असत, आणि उरलेली निम्मी बाकीचे लोक नीट करतात की नाही, याची काळजीही त्यांनाच असे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सावली गावात त्यांची धान भरडायची गिरणी होती. गिरणीला कुलूप लावायचे, ते ओढून बघायचे, घरी यायचे, चहा पुढ्यात आला की उठायचे आणि परत जाऊन ओढून यायचे. ताई म्हणायची, हा माणूस कुलूप राखतो की कुलूप याला राखतं, देवाला ठाऊक. एसटीत बसले तर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, कारण समोरच्या आरशात त्याचे डोळे दिसतात. डोळा जड झालासा वाटला की भाऊजी त्याच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करत. मूल गावाच्या अलीकडे एका ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन त्यांना हात जोडले होते आणि मागे बसवलं होतं. माझ्या लग्नात मांडवाचे खांब पक्के आहेत का, हे त्यांनी एकेक खांब हलवून पाहिलं. पाचसहा पक्के निघाले. त्यानंतरचा बँडवाल्यांवर आला. "पाह्य, म्हनत होतो ना मी," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं समाधान मी पाहिलं. तब्येत विचारली तर सांगत, "बरी हाय, म्हनूनच भेव वाटून राह्यलं."

असा माणूस, आणि त्याची एकुलती एक मुलगी नर्स होऊन भामरागडला गेली. जावई तिथल्याच आश्रमशाळेत शिक्षक. पर्लकोटा नदीवरचा पूल तेव्हा बुटका होता. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की भामरागड जगापासून तुटायचं. फोन कधी लागायचा, बहुतेक लागायचा नाही. पहिले दोन पावसाळे भाऊजींनी अंगणात येरझाऱ्या घालून काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात पोरीला दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. म्हणजे पाऊस लागायच्या आत तिला सावलीला आणायला हवं होतं. एसटीने आणायची म्हटलं तर धक्के. भाड्याच्या गाडीने म्हटलं तर भाड्याचा ड्रायव्हर, आणि त्याचे डोळे कोण बघणार? तेव्हा स्वतःचीच, चारही चाकांना जोर असलेली जीप घ्यायची असं ठरलं. ठरलं ते अक्षय तृतीयेच्या सुमाराला. काम साधं होतं: गाडी घ्यायची, जायचं, पोरीला आणायचं.

पण त्या वर्षांत पेट्रोलच्या गाड्या दोन जातींच्या मिळत. जुन्या गाड्यांत कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा यांची मिसळ करणारं ते एक ओतीव भांडं. त्यात पितळेचा एक बारका तुकडा, त्याला जेट म्हणतात, आणि त्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र. कचरा अडकला की गाडी बंद. उघडून फुंकर मारली की चालू. नव्या गाड्यांत इंजेक्शन. तिथे हे सगळं एक बंद डबा स्वतःच ठरवतो आणि पेट्रोलचा फवारा मोजून आत सोडतो. भाऊजींनी मला चंद्रपूरहून बोलावून घेतलं. मी एका कार्यालयात आस्थापनेचं काम बघत होते, आणि नात्यात यादी करायची म्हटलं की मलाच बोलावणं येई. मी पान उभं दुमडलं आणि दोन रकाने केले. नव्या गाडीच्या बाजूला चटकन चार गोष्टी आल्या: एका किल्लीत सुरू होते, पेट्रोल कमी पिते, गार सकाळी रुसत नाही, चढावर फार कलली तरी गुदमरत नाही. विरोधात दोनच. बिघडली तर जंगलात दुरुस्त होत नाही, आणि भामरागडच्या वाटेवर आलापल्लीच्या पुढे दुकानातून बाटलीत मिळणारं रॉकेल मिसळलेलं पेट्रोल तिला सोसत नाही. मी म्हटलं, पेट्रोल डब्यांतून घरून न्या, विरोधातली एक गोष्ट गेली. माझ्या हिशेबाने काम अर्ध्या तासात संपलं होतं.

भाऊजींच्या हिशेबाने ते तिथे सुरू झालं. "कार्बोरेटर कोनीबी दुरुस्त करते म्हन्तेस," ते म्हणाले, "म्हंजे तो बिघडतेच ना?" मग इंजेक्शनची घ्या, मी म्हटलं. ती सहसा बिघडत नाही. "सहसा," भाऊजी म्हणाले, आणि त्या एका शब्दावर त्यांनी वैशाख काढला. नागपूरच्या शोरूममधल्या सेल्समनने त्यांना नव्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं आणि यात तुम्हाला हात घालावा लागेल असं काहीच नाही, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं. भाऊजींचा चेहरा पडला. बिघाड डब्यातच झाला तर, असं त्यांनी विचारलं. तो कम्प्युटर लावून कळतो, सेल्समन म्हणाला. तो भामरागडला आहे का, हे भाऊजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाहेर आले. परतताना चंद्रपूरला त्यांच्या ओळखीचे मिस्त्री रहीमभाई यांच्या गॅरेजमध्ये गेले. रहीमभाईंची सारी हयात कार्बोरेटर उघडण्यात गेलेली, तेव्हा त्यांचं मत काय असणार हे सांगायला नको. पण ते असं काही बोलले की ते भाऊजींच्या मनात कायमचं घर करून बसलं. "भाऊ, जुनी गाडी पहले खोकलते, मंग बंद पडते. तुमाले टाइम देते. नवी खोकलत नाई. एकदम गप."

झालं. खोकणारी गाडी ठरली. माझी यादी ताईने चुलीला लावली. गाडी आली तरी जायचं नाव मात्र निघेना, कारण आता भाऊजी कार्बोरेटर शिकायला लागले. अंगणात पांढरी चादर अंथरून तो उघडायचे, फुंकर मारायचे, परत जोडायचे. जोडून झालं की चादरीवर एखादा स्क्रू उरायचा. ताई तो उचलून त्यांच्या पुढ्यात धरायची आणि विचारायची, "हा कोनाचा?" मग पुन्हा सगळं उघडायचं. तिकडे पोरीचा सातवा गेला, आठवा लागला. एकदा फोन लागला तेव्हा ती म्हणाली की बाबा, एवढ्या दिवसांत एसटीने मी तीनदा येऊन गेले असते. शेवटी शेतांत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, हिरवे दिसायला लागले तेव्हा मी रजा टाकली, सामान भरलं, पुढच्या सीटवर बसले आणि भाऊजींना म्हटलं, आता चला, नाहीतर मी एकटी बसने जाऊन तिला घेऊन येते.

भाऊजी गाडी सायकलीच्या वेगाने चालवत. आष्टी गेलं, आलापल्ली गेलं. पुढे दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल आणि वर आभाळ असं भरलेलं, की भर सकाळी दिवे लावावेसे वाटावेत. पाऊस नव्हता, पण समोरून आलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं की वर छत्तीसगडात रात्रभर पडतोय, नदीला पाणी चढतंय, थांबू नका. मी आडाखा बांधला: असंच चालत राहिलो तर दुपारच्या आत पूल ओलांडू. पेरमिलीच्या पुढे भाऊजींनी एकदम ब्रेक लावला.

"ऐकलं?" ते म्हणाले.

"काय?"

"खोकलली."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. इंजिन छान चाललं होतं. मी म्हटलं, भाऊजी, पाणी चढून राह्यलं, तुमी चला. पण त्यांच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "पोरगी बसल्यावर बंद पडली तर? जंगलात, तिले घेऊन? आताच पाह्यतो, बाई. फुंकर मारतो अन् निंगतो." बॉनेट उघडलं. कार्बोरेटर खोलला. मी चादर काढेपर्यंत तो पितळी जेट त्यांच्या बोटांतून निसटला आणि रस्त्याच्या कडेला सागाच्या वाळक्या पानांत गेला.

सागाचं एकेक पान सुपाएवढं. वर्षभराचा थर. मी विचारलं, दुसरा जेट आहे का. होता. चांगले तीन होते. प्रवासात हरवू नयेत म्हणून भाऊजींनी ते सावलीला कपाटात कुलूप लावून ठेवले होते. मी तिथे, भर जंगलात, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीच्या नवऱ्यावर ओरडणार होते. पण ते आधीच गुडघ्यांवर बसले होते आणि एकेक पान उचलून, उलटं करून, झटकून बाजूला ठेवत होते. ओठ हलत होते. मीही पदर खोचून बसले. मधेच लांबवर गडगडलं तेव्हा ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि परत पान उचललं. जेट मिळाला तो त्यांच्याच चपलेच्या टाचेत रुतलेला. गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली. तिला काहीच झालं नव्हतं. पुढच्या वाटेत भाऊजींनी गाडी अशी पळवली, की त्यांच्या वाट्याची काळजी मला करावी लागली.

पर्लकोटाच्या काठी पोचलो तेव्हा पूल नव्हता. तांबूस पाणी होतं आणि त्यात पुलाच्या जागी एक लांब सुरकुती. काठावर बसलेली माणसं म्हणाली, आत्ता जेवणवेळेपर्यंत दिसत होता. आमची जीप, तिचा कार्बोरेटर आणि चारही चाकांचा जोर, सगळं त्या पाण्यासमोर उभं राहिलं. नवी असती तरी इथे तशीच उभी राहिली असती. पण नवी असती तर आम्ही जेवणवेळेच्या आधी पोचलो असतो, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. पलीकडच्या काठावर एक छत्री दिसली आणि तिच्याखाली, हात कमरेला लावून, पोट पुढे घेऊन उभी असलेली आमची पोरगी.

एक माडिया नावाडी डोंग्यातून दोघादोघांना पलीकडे नेत होता. एका झाडाचं खोड कोरून केलेला डोंगा. भाऊजी घरच्या विहिरीवरसुद्धा काठापासून हातभर लांब उभे राहत. ते डोंग्याजवळ गेले.

"हा कोनं केला?"

"बापानं," नावाडी म्हणाला.

"बाप कुठी हाय?"

"घरी."

"बुडला नाई ना कधी?"

"डोंगा का बाप?"

"दोनी."

"नाई बुडले. बसा भाऊ. हलू नका."

भाऊजींनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि बसले. मी त्यांच्या मागे. पाणी डोंग्याच्या काठाला चाटत होतं. आयुष्यभर प्रत्येक खांब हलवून बघणारा तो माणूस त्या नदीत एवढा स्थिर बसला होता की नावाड्याने मागे वळून, जिवंत आहे ना, ते बघितलं. पलीकडे पोरीने हात दिला. भाऊजी तिला म्हणाले, "खोकलली होती गाडी. खरंच खोकलली होती." पोरगी म्हणाली, "हो बाबा."

तीन दिवसांनी पूल मोकळा झाला. तोवर पोरीला धक्के नकोत असं भाऊजींनीच ठरवून टाकलं होतं. तीही म्हणाली, मी इथे रोज बायांची बाळंतपणं करते, इथल्या बायांचं माहेरही इथंच असतं. मग ताईच बसने आली. श्रावणात तिच्याच दवाखान्यात मुलगी झाली, सुखरूप. पोळ्यापर्यंत भाऊजी तिथे राहिले, पाळण्याजवळ. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना ते बघायला वाकत, आणि जागं झालं की झोपत काऊन नाई म्हणून वाकत.

आता भाऊजी नाहीत. गिरणीच्या शेडमध्ये जीप आहे, ताई ती विकू देत नाही. मी पुढे गाडी शिकले आणि स्वतःची घेतली. यादी करून, इंजेक्शनची. उत्तम आहे. एका किल्लीत सुरू होते, कुठे अडत नाही, माझी तक्रार नाही. तरी लांबच्या प्रवासाला निघताना सामान मोजून झालं, दारं लागली, की इंजिन चालू ठेवून मी उगीच थोडा वेळ कान देते. काही ऐकू येत नाही. "थांब बाई, काहीतरी वाजून राह्यलं," असं म्हणणारं शेजारी कोणी नसतं. मग मी निघते, आणि वेळेवर पोचते.