खड्ड्याला पाजलं का?

उलटहाते हे कोणाचे आडनाव नव्हे. आमच्या वसाहतीने एका माणसाला बहाल केलेले ते नाव होते, आणि त्याचे कारण पहिल्या भेटीतच कळत असे. हे गृहस्थ वातानुकूलन यंत्रे बसवण्याचे काम करीत. कोणाच्याही घरात शिरले की माणसांना नमस्कार करण्याआधी ते फ्रीजला, लोखंडी कपाटाला, मोरीतल्या नळाला उजव्या हाताची पाठ लावून पाहत. धातू दिसला की हात उलटा. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "तळवा लावला तर करंट मूठ आवळतो, वकीलसाहेब, सोडत नाय. पाठ लावली तर फेकून देतो. फेकलेलं बरं."

त्यांच्या मृत्यूविषयी आमच्या वसाहतीत तीन हकिकती सांगितल्या जातात. एक म्हणते, ते प्यालेले होते. दुसरी म्हणते, उन्हाने चक्कर आली. तिसरी म्हणते, मेन स्विच बंद करायला विसरले. तिन्ही खोट्या आहेत, आणि सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दुपारी माझ्या घरात नव्हता. माझा जन्म पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाचे राज्य जाण्याच्या, आधीचा. विस्मरणाचा आरोप माझ्यावर सहज करता येईल. ज्याला करायचा असेल त्याने हे शेवटपर्यंत वाचून मग तो करावा.

पडेगावच्या बाजूला आमचे दुमजली घर आहे. माझ्या पत्नीला पक्षाघात झाला तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो, आणि जिना उतरणे तिच्यासाठी संपले. उजवी बाजू गेली, वाचेतले दोन-चार शब्द तेवढे उरले. आमच्याकडचा उन्हाळा, डोक्यावर तापलेला स्लॅब, पाठीला जखमा होण्याची धास्ती. कूलर लावला तर ओलसर हवेने छातीत कफ भरे. डॉक्टर म्हणाले, एसी लावा, नाहीतर हा उन्हाळा कठीण आहे. मी बाजारात गेलो. दुकानदाराने खोलीची लांबी-रुंदीही न विचारता दोन टनाचे यंत्र माझ्या गळ्यात घालायला काढले. त्याच दुकानात एका खोक्यावर बसून चहा पिणारा माणूस मधेच बोलला, "त्याला टन विकायचाय, तुम्हाला थंडावा पायजे. दोन येगळ्या गोष्टी हायेत." दुकानदार हसला, पण त्याच्याकडे पाहण्याचे त्याने टाळले. हे उलटहाते. मूळचे लासूर स्टेशनचे, शेतकरी घरातले.

दुसऱ्या दिवशी भर तीन वाजता ते आले. सकाळी का नाही आलात, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. "सकाळी समद्याच खोल्या चांगल्या असत्यात," ते म्हणाले. अर्धा तास ते त्या खोलीत नुसते बसून राहिले. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, स्टुलावर चढून छताला लावला. मग त्यांनी जे केले ते कोणत्याही दुकानदाराने केले नसते. पत्नीच्या पलंगाशेजारी चटई अंथरून ते उताणे पडले आणि तिला जे दिसते ते पाहत राहिले. उठून मला नव्हे, तिला विचारले, "ताई, हवा कुठून आलेली चालंल? डोक्याकडून नको ना?" तिने डाव्या हाताने पायथ्याकडची भिंत दाखवली. यंत्र तिथेच बसले, दीड टनाचे. त्यावरचा हिरवा दिवा त्यांनी काळ्या चिकटपट्टीने झाकला. म्हणाले, "पडून ऱ्हानाऱ्याला दिवसभर कुणी डोळा मारलेला आवडत नाय." आजारपणानंतर माझी पत्नी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

यंत्र बसवायला एक दिवस लागला. खड्ड्याला दोन. आमची जमीन मुरमाची, चार फुटांखाली काळा दगड. अर्थिंगसाठी त्यांनी घराच्या मागे माणूस उभा राहील एवढा खड्डा खणला, तांब्याचा पत्रा उभा केला आणि त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. मी म्हणालो, "अहो, हे लोणचं घालताय की काय?"

"व्हय. मुरायला टाईम लागंल."

खड्डा बुजवल्यावर त्यांनी मला शेजारी उभे करून, वकिलाने अशिलाला बजावावे तसे बजावले. यंत्रात कधी बिघाड होऊन वीज बाहेरच्या पत्र्यात उतरली, तर ती तारेने या खड्ड्यात जाईल, फ्यूज उडेल आणि कोणालाही काही होणार नाही. मात्र खड्डा ओला हवा. सुका मुरूम वीज घेत नाही. यासाठी यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याची नळी त्यांनी भिंतीवरून खाली आणून खड्ड्यात सोडली होती. पण उन्हाळ्याची हवा कोरडी, यंत्र तेव्हा फारसे पाणी देत नाही. म्हणून आठवड्याला एक कळशी आपण द्यायची. "घालू," मी म्हणालो.

"घालायचं नाय, पाजायचं," ते म्हणाले. "घातलं की वरनं व्हाऊन जातं. पाजायचं म्हंजे दमानं, ते पेईल तसं."

तेव्हापासून ते दिसले की पहिला प्रश्न एकच. रस्त्यात भेटोत, दुरुस्तीला येवोत, "खड्ड्याला पाजलं का?" वसाहतीत त्यांनी बसवलेल्या यंत्रांचे नऊ-दहा खड्डे होते आणि प्रत्येक घराला ते हेच विचारीत. बायका पदराआड हसत. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी तर मुलीच्या लग्नाची पत्रिका 'श्री. उलटहाते व परिवार' या नावाने पाठवली. त्यांना ते खरेच आडनाव वाटले होते. उलटहात्यांनी ती मला आणून दाखवली. "आडनाव तर बदललं माझं. आता गॅझेटात द्यायचं तेवढं ऱ्हायलं." लग्नाला मात्र गेले, आणि मांडवाच्या लोखंडी खांबांना उलटा हात लावून मगच जेवायला बसले. जेवणारे त्यावरही हसले.

चार उन्हाळे सुरळीत गेले. पाचवा पाण्याच्या टंचाईचा होता. आमच्या शहरात नळाला किती दिवसांआड पाणी येते हे इथल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. त्या वर्षी टँकरसुद्धा रुसला होता. पत्नीच्या चादरी दिवसातून दोनदा बदलाव्या लागत आणि धुवायला पाणी नसे. एके सकाळी मी खाली गेलो, यंत्राची नळी खड्ड्यातून ओढून काढली आणि बादलीत सोडली. रात्रीतून दोन-तीन तांबे पाणी जमे. मोरी धुवायला ते पुरे आणि तेवढे चांगले पाणी चादरींसाठी वाचे. मला त्यात हुशारी वाटली. कळशी पाजणे तर त्याआधीच थांबले होते. चैत्र गेला, वैशाख निम्मा सरला. खड्ड्यावरची माती तडकलेली मी रोज पाहत होतो.

मग यंत्र कुरकुरू लागले. मधेच बंद पडे, चालले तरी गार करीत नसे. निरोप धाडला तसे उलटहाते दुपारी दोनला आले. जिन्यात भेटताच विचारले, "वकीलसाहेब, पाजलं का?"

मी म्हणालो, "पाजलं की. कालच."

हे खोटे मी का बोललो ते लपवीत नाही. त्यांची बोलणी खाण्याची माझी तयारी नव्हती. जिल्हा न्यायालयात ज्याला कोणी अडवू शकत नव्हते त्याने एका कारागिरापुढे, घरात, पत्नीच्या देखत मान खाली घालायची, हे मला मंजूर नव्हते. खोलीचे दार उघडे होते. तिने प्रश्न ऐकला आणि उत्तरही ऐकले.

ते गच्चीवर गेले. बाहेरचे यंत्र त्यांनी उत्तरेच्या सावलीत बसवले होते. त्या बाजूला कठडा गुडघ्याइतकाच आहे. वरून ओरडून त्यांनी मला यंत्र सुरू करायला सांगितले. मेन स्विच बंद करायला विसरले म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बंद यंत्रात चालत्या यंत्राचा बिघाड कसा सापडणार? ते स्वतःच म्हणत, "नाडी बघायची तर मानूस जित्ता लागतो." मी बटण दाबले. यंत्र घरघरले. त्यानंतर खाली अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी खिडकीतून वाकून पाहिले. ते फरशीवर पडले होते आणि हलत नव्हते.

पुढे दुसऱ्या मेकॅनिकने यंत्र उघडले तेव्हा आतली वायर खारीने कुरतडलेली आणि तिचे तांबे पत्र्याला टेकलेले दिसले. खड्डा ओला असता तर फ्यूज उडाला असता आणि आम्ही खारीला चार शिव्या देऊन चहा घेतला असता. वीज पत्र्यातच राहिली. उलटहात्यांनी आपला नियम मोडला नाही, याला पुरावा आहे. पंचनाम्यात एक ओळ आहे: 'उजव्या हाताच्या पाठीवर काळसर डाग.' दारूने हाताच्या पाठीवर डाग पडत नाही. उन्हानेही पडत नाही. त्यांनी हात उलटाच लावला, विजेने त्यांना फेकले, आणि मागे कठडा नव्हता म्हणावा इतका ठेंगणा होता.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. अर्थिंगविषयी मला कोणी विचारले नाही, आणि न विचारलेले सांगू नये हे मी आयुष्यभर अशिलांना पढवीत आलो होतो. पोलीस येण्याआधी मात्र मी एक काम उरकले होते. खाली जाऊन नळी बादलीतून काढून पुन्हा खड्ड्यात सोडली होती. त्यांचा देह तिथून दहा पावलांवर होता.

पंधरवड्यात तिन्ही हकिकती तयार झाल्या. प्यालेले होते ही लोकांना सर्वांत सोयीची वाटली, म्हणून तीच लासूरपर्यंत पोचली. मी ऐकत राहिलो. पत्नीने ते यंत्र पुन्हा लावू दिले नाही. मी बटणाकडे हात नेला की ती तोंड भिंतीकडे फिरवी. घामाने चादर भिजे, श्वास जड होई, तरी नाही. एका दुपारी तिने माझे मनगट डाव्या हाताने धरले आणि मोठ्या कष्टाने एक शब्द जुळवला. "जा." कुठे, ते मला विचारावे लागले नाही.

लासूर स्टेशनला त्यांचे घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे आहे. त्यांच्या पत्नीने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसल्या. माझे सांत्वनाचे शब्द त्यांनी दोन वाक्यांतच थांबवले.

"लोक म्हनत्यात, पिऊन व्हते."

"नव्हते."

"ते मला ठाव हाय. चोवीस वर्सं संसार केला मी. तुमाला दुसरंच इचारायचंय. त्यांनी तुमाला पाजलं का म्हनून इचारलं व्हतं का नाय?"

"विचारलं होतं."

"मंग तुमी काय सांगितलं?"

चाळीस वर्षे मी साक्षीदारांना उलटतपासणीत घाम फोडला. इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही. मी सगळे सांगितले. बादली, नळी, तडकलेली माती, 'कालच' हा शब्द. त्या रडल्या नाहीत. शेवटी मी खुर्चीतून उठून म्हणालो, "वहिनी, मला क्षमा करा."

"हे मला सांगून काय व्हनार?" त्या म्हणाल्या. "जे पिऊन व्हते म्हनत्यात त्यांना सांगा जाऊन. चारचौघांत सांगा. माझ्या दारात नका सांगू." उठून त्यांनी खुर्ची आत नेली. मी उभाच होतो.

सोसायटीच्या पुढच्या सभेत मी बोलायला उभा राहिलो आणि जे लासूरला सांगितले तेच सांगितले. कोणी मान डोलावली, कोणी फरशीकडे पाहिले. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "वकीलसाहेब, घरात आजारपण, त्यात हा प्रसंग. तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. बसा, पाणी घ्या." मागून एक जण बोलला, "तो एवढा पट्टीचा कारागीर होता तर त्यानं स्वतः खड्डा बघायला नको होता का?"

"त्यांनी मला विचारलं," मी म्हणालो. "माझ्या शब्दावर विश्वास ठेवणं हा निष्काळजीपणा असेल, तर तो या वसाहतीतला प्रत्येक जण करत आला आहे."

माझी हकिकत खरी मानायची तर प्रत्येकाला सभेतून उठून आपल्या घरामागची माती पाहावी लागली असती. पुढचा विषय टँकरच्या पाळ्यांचा होता. तो घेण्यात आला. इतिवृत्तात 'दुर्दैवी अपघाताबद्दल खेद' असे लिहिले. मी त्यावर सही केली नाही. त्यानंतर मला कोणत्याही समितीवर घेतले नाही, आणि मीही तशी इच्छा धरली नाही.

पत्नी पुढच्या उन्हाळ्यात त्याच खोलीत वारली. तीन हकिकती मात्र अजून चालू आहेत. नवे भाडेकरू आले की त्यांना सांगितल्या जातात, आणि प्यालेल्या माणसाची पहिली सांगितली जाते. म्हणून माझे म्हणणे लेखी देत आहे. ज्याला ही हकिकत सांगायची असेल त्याने ती जिन्यापासून सुरू करावी. उलटहात्यांनी विचारले होते. मी 'पाजलं' म्हणालो. खड्डा कोरडा होता.