भिंतीवरचा चिनी वैद्य

औषधाची कृती ठाऊक असलेल्या माणसानं ती झाकून ठेवावी का, सांगा बरं? ठेवावी म्हणत असाल तर शंकर नगरातल्या आमच्या शेजारच्या काकाजींच्या वाटेला जाऊ नका. रेल्वेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांइतका हट्टी भक्त अख्ख्या छत्तीसगडात नसेल, आणि त्यांचं दैवत बसलंय थेट चीनच्या डोंगरातल्या गुहेत! पंडरीच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्यांबरोबर ते तिकडे फिरायला गेले होते. व्यापारी बाजारात रमले, काकाजी डोंगर चढले. गुहेत एका प्राचीन वैद्याची मूर्ती होती. त्यानं वाघाच्या घशातलं हाड काढलं म्हणे, म्हणून वाघ पायाशी बसलेला. जवळच शिळांवर औषधांच्या कृती कोरलेल्या. कोणीही यावं, उतरवून न्यावं.

परतल्यापासून काकाजींनी जगातलं एकही गुपित शिल्लक ठेवलं नाही. काकूंच्या माहेरचा लोणच्याचा मसाला त्यांनी भिशीत सगळ्या बायकांसमोर खडाखडा म्हणून दाखवला. एकदा गल्लीतल्या कुत्र्याच्या घशातलं हाड काढायला गेले, तर ते कडकडून चावलं. सुई टोचून घेताना म्हणाले, "त्या वैद्याले वाघ नाही चावला, अन् मले हे मरतुकडं चावलं!"

मग त्यांनी घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर तो दाढीवाला वैद्य रंगवला आणि खाली, जुलाब झाल्यावर साखर-मिठाचं पाणी कसं करायचं ते मराठीत नि हिंदीत लिहिलं. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारे कामगार सायकल थांबवून वाचत. एकानं घरी पोरीला तसं पाणी पाजलं आणि ती बरी झाल्याचं सांगायला मुद्दाम आला. झालं! दाढीवाला बाबा पावतो, ही बातमी मोहल्लाभर पसरली. उदबत्त्या आल्या, नारळ आले, शेंदूर आला.

तेवढ्यात राज्याच्या नव्या राजधानीत कुणी बडं माणूस येणार म्हणून वाटेतल्या रस्त्यांवरच्या भिंती एका रंगात रंगवायचा हुकूम निघाला. रंगारी आला, शेंदूर पाहून थबकला. "भगवान पर रंग नहीं मारूँगा, काकाजी."

भिंत वाचली होती. काकू पुटपुटल्या, "गप राहा हो. देव म्हणून राहिला तर म्हणू द्या."

पण मीठ किती घालायचं, ती ओळच शेंदराखाली गेली होती. "काहून गप राहू? मीठ जास्त पडलं तर लेकरू जाईल ना कोणाचं! अन् एकदा देव झाला की वाचतं कोण? हात जोडतात अन् पुढं जातात." काकाजींनी बादली आणली, शेंदूर खसाखसा घासून काढला आणि रंगाऱ्याला म्हणाले, "माणूस है भैया. वैद्य है."

"हव," रंगारी म्हणाला, आणि त्यानं ब्रश फिरवला.

आता ती भिंत बदामी आणि मुकी आहे. पुन्हा लिहिलं तर पुन्हा पुसू, अशी तंबी मिळालीय. संध्याकाळी काकाजी फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तीच कृती तोंडानं सांगतात. ट्रकांच्या आवाजात ती निम्मी विरून जाते. म्हणून मागणं एवढंच: तुमच्या घराला रस्त्याकडे तोंड केलेली भिंत असेल, तर ती आम्हाला द्या. शिडी मी धरीन.