पदर धरलेला हात

स्वराज्य यायला अजून काही वर्षं होती. आमच्या गावात शाळा नव्हती. पोरं नाला ओलांडून गोरेगावला जात, पोरी घरी शेण थापत. माझी थोरली नऊ वर्षांची झाली होती. गावातच पोरींचा एक वर्ग उघडावा, एवढंच माझं मागणं. आमचे मालक गोरेगावच्या शाळेत मास्तर. त्यांनी पंचांना दोनदा विचारलं, पंचांनी हसण्यावारी नेलं. मग बाईनं मागितलं तर ऐकतील, असं त्यांच्या डोक्यात आलं आणि त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

रोज स्वयंपाकघरात तालीम. "खांबावानी उभी नको राहू," ते म्हणत. "जे सांगतेस ते हातानं दाखव. हात मोकळे, तर बोलणं मोकळं." चुलीपाशी मी छान बोलायची. चुलीपाशी सासरे नसत.

पारावरच्या पंचांत सासरे होते. मला बोलू द्यायला ते तयार झाले होते, तेही नाराजीनंच. सासऱ्यापुढे सुनेचा पदर कपाळाच्या खाली हवा, आणि तो तिथे राहायला एक हात लागतो. मास्तरांना हे सुचलं नाही. पुरुषाला कसं सुचणार? पण मेलं मला तरी कुठे सुचलं! एका हातात पदर धरून मी पाढे म्हटल्यासारखी बोलत राहिले. एका पंचानं जांभई दिली.

दुसऱ्यानं विचारलं, "पोट्टे जातेत ना नाल्यापल्याड? मंग पोट्ट्या काऊन नाही जात?"

याचं उत्तर मला पाठ करावं लागलं नव्हतं. श्रावणात त्या नाल्याचं पाणी कुठवर चढतं आणि धार कशी ओढते, ते मी पाहिलं होतं. माझे दोन्ही हात उठले. पाणी छातीपर्यंत दाखवलं, मग पोरीला ओढून नेणारी धार दाखवली. पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते. वाटलं, जिंकले. मग कळलं, ते कुठे बघताहेत. पदर खांद्यावर पडला होता. सासरे उठले, वहाणा घातल्या आणि गेले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले.

शाळेला कुणी नाही म्हटलं नाही. शाळेचं नावच कुणी काढलं नाही. विहिरीवर, बाजारात, जिथेतिथे बोलणं पदराचंच. मी मालकांवर चिडले, सासऱ्यांवर चिडले, त्या लुगड्यावरही चिडले. उपयोग काय? पुन्हा मागायला तोंड उरलं नव्हतं, ना मालकांना ना मला. पुढच्या उन्हाळ्यात थोरलीचं लग्न लागलं.

पण मी खचले ती पारावरून परतले त्याच संध्याकाळी. थोरली बायकांत बसून सगळं ऐकत होती. घरी आल्यावर ती जवळ आली. वाटलं, शाळेचं विचारेल. तिच्यासाठीच तर गेले होते मी.

"माय," ती म्हणाली, "हात कायले हालवले वं? मले लाज वाटली."