चाचा पुलावर नव्हते

आमच्या लोणंदच्या पेठेत एक शिलाईचं दुकान होतं. मालकाला सगळं गाव चाचा म्हणायचं. माप घेताना कुणी जरा हललं की चाचा खेकसायचे, "सावधान!" दुकान टाकण्याआधी ते फौजेत होते, विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत. एकाहत्तरच्या बांगलादेशच्या लढाईत टांगाईलवर जी पलटण आभाळातून उतरली, तिच्यात चाचा होते. मी हायस्कुलात इतिहास शिकवणारा. असा माणूस चार दुकानं सोडून राहतोय म्हटल्यावर मी त्याला सोडतोय कशाला? निवृत्त झालो आणि रोज सकाळी त्यांच्या बाकड्यावर ठिय्या मारू लागलो.

चाचा सांगायचे ते असं. शत्रूचं सैन्य उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेत होतं. वाटेत नदीवर एक पूल. तो हातात आला की त्यांची वाट तुटली. म्हणून दिवस मावळायच्या आत विमानांतून छत्र्या सुटल्या. "कागदावर लय झ्याक हुतं, मास्तर. पर वारा काय नकाशा बघून वाहतोय व्हय?" माणसं लांब लांब पांगली. जड सामान तळ्यांत गेलं. चाचाही तळ्यातच पडले, अंगाभोवती छत्री गुंडाळलेली, नाकातोंडात पाणी. गावकऱ्यांनी ओढून बाहेर काढलं, दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन वाट दाखवली. तरी ते पुलापाशी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. पूल आपला झाला होता, आणि त्यांचा जिवाभावाचा दोस्त, माण तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा, तिथं कामी आला होता.

त्या दोस्ताची धाकटी बहीण दर राखीपौर्णिमेला दहिवडीकडून एसटीनं यायची, चाचांना राखी बांधायला. राखी बांधून झाली की दरवर्षी तेच विचारायची, "दादा, माझा भाऊ जाताना काय बोलला वो?" आणि चाचा दरवर्षी तेच सांगायचे, "आक्का, मी तळ्यात हुतो. पुलावर न्हवतो. मला ठावं न्हाई." एकदा मी म्हणालो, चाचा, काहीतरी गोड सांगून टाका की, म्हातारीला बरं वाटेल. तर कात्री खाली ठेवून माझ्यावर उखडले. "मेलेल्याच्या तोंडात मी शबुद घालू? तिचा माझ्यावर इस्वास हाय, मास्तर. तेवढाच हाय माझ्यापाशी."

हे मी ऐकलं होतं. माझ्या या कानांनी. आणि तरीही मी माती खाल्लीच.

युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तालुक्यातल्या माजी सैनिकांचा मेळावा ठरला. त्यासाठी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं. चाचा म्हणाले, "तळ्याचं लिवा. लाजू नगा." मी हो हो केलं. पण मला वर्गातली खोड. पोरांना लढाई शिकवताना मी गावातलाच एक माणूस धरायचो आणि त्याला पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत रणांगणावर फिरवायचो. त्याशिवाय आमच्या पोरांच्या डोक्यात लढाई शिरत नाही. इथंही तेच केलं. चाचांना तळ्यातून काढलं आणि सरळ पुलावर नेऊन दोस्ताच्या शेजारी उभं केलं. दोस्ताचं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. लिहिताना माझेच डोळे पाणावले, काय सांगू! चाचांना आधी वाचूनसुद्धा दाखवलं नाही. म्हटलं, एकदम मेळाव्यातच ऐकू देत, खूश होतील.

मेळाव्यात मी ते माइकवर वाचलं. टाळ्या थांबेनात. साडीचोळी देऊन सत्कार करायचा म्हणून त्या बहिणीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ती उठली आणि चाचांसमोर येऊन उभी राहिली. "मंजे तुमी हुता तिथं? पन्नास वर्सं न्हाई म्हणत आलासा. असं काय वंगाळ झालं हुतं माज्या भावाचं, का माझ्यापासनं लपवलंत?" चाचा नाही नाही अशी मान हलवत राहिले. साडी खुर्चीवरच टाकून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चाचा मला चार शिव्या घालतील म्हणून मी तयारीनं गेलो होतो. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माझं आता तिला खरं वाटायचं न्हाई. तुमी छापलंय. तुमीच जाऊन सांगा." मी म्हणालो, जातो.

गेलो नाही. आज गुडघा दुखतोय, उद्या ऊन आहे, परवा लग्न आहे. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. खोटं बोलणाऱ्या पोरांना जन्मभर छड्या मारणारा मी, एका अडाणी बाईसमोर कान धरायची हिंमत होईना. राखीपौर्णिमा आली. चाचा दुकान बंद करून, इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून एसटी स्टँडवर बसले होते. मी त्यांना लांबून पाहिलं आणि मागच्या गल्लीनं घरी गेलो.

दिवाळीच्या आधी चाचा गेले. मग मी दहिवडीची गाडी धरली.

ती अंगणात मटकी पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चाचा तळ्यातच होते, पुलाचं मी माझ्या मनचं लिहिलं, आणि आता चाचा गेले, हेही. तिनं सूप बाजूला ठेवलं. आतून पुस्तिका आणली, भावाच्या फोटोमागं जपून ठेवलेली. ते पान उघडून, वाचता येत नसताना, बराच वेळ बघत राहिली.

"मंजे दादानं कायच लपवलं न्हाई?"

"काही नाही."

"आणि आता त्यो बी न्हाई."

मी कान धरले.

"राखी घेतली हुती मी. फलटणपतुर आले, आन् तितनं माघारी फिरले." तिनं पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. "दोन तासाची तर यस्टी हाय, मास्तर. तुमाला तवा यायला काय झालं हुतं?"